पाठीचा बाक: ऑपरेशन कधी, कुठे आणि त्याआधी काय

दसरा झाला की नांदूरघाटासह केज तालुक्यातल्या गावागावांतून ऊसतोडीच्या टोळ्या निघू लागतात. आईवडील कारखान्याच्या फडात, पोरं आजी-आजोबांकडे किंवा हंगामी वसतिगृहात, काही सोबत कोप्यांवर. नीट गाठभेट होते ती पाडव्याच्या आगेमागे. एवढ्या काळात बारा वर्षांची मुलगी तीन-चार सेंटिमीटर उंच झालेली असते. तिच्या पाठीच्या कण्याला बाक असेल, तर तोही उंची झपाट्याने वाढण्याच्या याच काळात वाढतो. बहुतेक वेळा तो दुखत नाही, त्यामुळे कुणाच्या ध्यानात येत नाही. ध्यानात येतो तेव्हा लग्नाचा विषय निघालेला असतो, आणि मग एक तर घाईने ऑपरेशन ठरतं किंवा भीतीने ते टाळलं जातं.

बीड जिल्ह्यात ऑपरेशनची भीती उगाच नाही. ऊसतोड महिलांची गर्भाशयं गरज नसताना काढली जात असल्याच्या तक्रारींनंतर २०१९ मध्ये डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड महिलांच्या पाहणीत १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं आढळलं. त्यामुळे कुणी ‘ऑपरेशन करा’ म्हटलं की दहा प्रश्न विचारायचे, ही सवय चांगलीच. फक्त ते प्रश्न नेमके हवेत. मणक्याच्या बाकाचं ऑपरेशन तीन गोष्टींवर ठरतं: बाकाचा कोन किती, शरीराची वाढ किती उरली आहे, आणि कोन वाढतोय का. या तिन्ही गोष्टी कागदावर आल्याशिवाय ऑपरेशनला होकार देऊ नका, आणि ‘मोठी झाली की होईल सरळ’ म्हणून सोडूनही देऊ नका.

घरी कसं ओळखाल

दहा ते पंधरा वर्षांच्या मुलामुलींची पाठ वर्षातून दोनदा पाहा. पाठ उघडी ठेवून मुलाला पाठमोरं उभं करा. मुलगी असेल तर आईने, आजीने किंवा आशाताईने पाहावं. एक खांदा वर आहे का? एका बाजूचं खांद्याचं पातं बाहेर आलंय का? हात सैल सोडल्यावर कमरेजवळची फट दोन्हीकडे सारखी आहे का? मग पावलं जुळवून, गुडघे न वाकवता, दोन्ही तळवे जोडून पुढे वाकायला सांगा आणि पाठीमागून पाहा. पाठीची एक बाजू दुसरीपेक्षा उचललेली दिसली, तर डॉक्टरांकडे न्यायचं. ही तपासणी इंग्लंडमधल्या विल्यम अ‍ॅडम्स यांनी १८६५ मध्ये सांगितली. आजही जगभर पहिली चाचणी हीच असते.

वाकल्यावर एक बाजू उचलते, कारण कणा नुसता बाजूला झुकत नाही, तो स्वतःभोवती पिळला जातो आणि बरगड्यांना सोबत फिरवतो. नुसतं पोक काढून चालणाऱ्या मुलाची पाठ सांगितल्यावर ताठ होते. खरा बाक सांगून जात नाही.

शाळेत येणारं ‘राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमा’चं पथक १८ वर्षांपर्यंतच्या मुलांची मोफत तपासणी करतं. हा कार्यक्रम २०१३ मध्ये आपल्याच राज्यातल्या पालघरहून सुरू झाला. पथक आलं त्या दिवशी तुमचं मूल कोपीवर असेल, तर त्याची तपासणी हुकली असं समजा आणि परतल्यावर स्वतः जवळच्या सरकारी दवाखान्यात न्या.

दोष कुणाचा?

दप्तराचा नाही, हंडा वाहण्याचा नाही, मोळी उचलण्याचा नाही आणि वाकडं बसण्याचाही नाही. किशोरवयातल्या दर दहापैकी सुमारे आठ मुलांच्या बाकाचं नेमकं कारण सापडत नाही. काही घराण्यांत तो पुढच्या पिढीत येतो, म्हणून एका मुलीला असेल तर तिच्या भावंडांच्या पाठीही पाहाव्यात. दहा ते सोळा वयात १०० पैकी दोन-तीन मुलांना थोडाफार बाक असतो. त्यातल्या बहुतेकांना कधीच ऑपरेशन लागत नाही. मोठा बाक मात्र मुलांपेक्षा मुलींत कितीतरी जास्त आढळतो.

पाठ चोळून, लटकवून किंवा ‘मणका बसवून’ हा बाक जात नाही. उलट आतला आजार वेगळा असेल तर चोळणं अंगाशी येऊ शकतं, कारण सगळे बाक एका जातीचे नसतात:

- जन्मजात बाक: पोटात असतानाच एखादा मणका अर्धवट तयार होतो किंवा दोन मणके चिकटलेले राहतात. अशा मुलांच्या मूत्रपिंडात आणि हृदयातही दोष असू शकतात, म्हणून सोनोग्राफी आणि इको करून घ्यावं. यात काही वेळा लहान वयातच ऑपरेशन करावं लागतं.
- स्नायू किंवा मेंदूच्या आजारातला बाक: सेरेब्रल पाल्सी, स्नायू क्षीण होण्याचे आजार, जुना पोलिओ.
- क्षयरोगाचं कुबड: यात पाठ बाजूला नव्हे, मागे टोकदार निघते. सोबत सततची पाठदुखी, संध्याकाळचा ताप, वजन घटणं. याचा मुख्य उपचार क्षयाची औषधं. ती सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात आणि मणक्याच्या क्षयात वर्षभर किंवा जास्तही घ्यावी लागतात. नसांवर दाब आला किंवा कुबड वाढत चाललं, तरच ऑपरेशनचा विचार होतो.

पुढीलपैकी काही दिसलं तर पाडव्याची वाट पाहू नका: पायात कमजोरी किंवा मुंग्या, चालताना तोल जाणं, लघवी-शौचावरचा ताबा सुटणं, रात्री झोपमोड करणारी पाठदुखी, पाठीच्या मधोमध केसांचा पुंजका, अंगावर दुधाळ-तपकिरी डागांची गर्दी, किंवा दहा वर्षांच्या आतल्या मुलाला बाक. अशा वेळी एमआरआय लागतो.

एक्स-रे नेमका कोणता?

झोपवून काढलेल्या कमरेच्या एक्स-रेवर बाकाचा निर्णय होत नाही. उभं राहून, मानेपासून कमरेच्या हाडापर्यंतचा संपूर्ण कणा दाखवणारी फिल्म लागते. ती प्रत्येक एक्स-रे सेंटरवर निघत नाही, म्हणून निघण्याआधी फोन करून विचारा. त्यावर डॉक्टर ‘कॉब कोन’ मोजतात. अमेरिकेतले डॉ. जॉन कॉब यांनी १९४८ मध्ये मांडलेली ही पद्धत आहे. १० अंशांपर्यंतच्या बाकाला आजार मानत नाहीत. मोजताना पाचेक अंशांचा फरक पडू शकतो. म्हणून २२ चे २४ झाले तर घाबरू नका, पण २२ चे २९ झाले तर तो बाक वाढतोय.

त्याच फिल्मवर कमरेच्या हाडाची वाढ ० ते ५ अशा पायऱ्यांत पाहतात. तिला ‘रिसर’ म्हणतात. ० किंवा १ म्हणजे वाढ बरीच बाकी, ४-५ म्हणजे संपत आलेली. मुलीला पाळी कधी सुरू झाली, ही तारीखही डॉक्टरांना सांगा. त्यानंतर साधारण दोन वर्षांत उंचीची बहुतेक वाढ संपते. कोन, रिसर आणि तारीख हे तीन आकडे डॉक्टरांकडून कागदावर लिहून घ्या. मोबाइलमध्ये एक्स-रेचा फोटो ठेवा, पण मूळ फिल्म किंवा सीडी जपा.

कोन पाहून पुढचं पाऊल

*१० ते २५ अंश:* फक्त नजर ठेवायची. वाढीच्या वयात दर चार-सहा महिन्यांनी तपासणी. खेळ, कबड्डी, सायकल, सगळं चालू ठेवायचं. जगातला सर्वांत वेगवान धावपटू उसेन बोल्ट यालाही मणक्याचा बाक आहे.

*२५ ते ४० अंश, आणि वाढ बाकी:* पट्टा, म्हणजे मापाने बनवलेलं कडक प्लास्टिकचं ब्रेस. दुकानात मिळणारा कमरेचा पट्टा नव्हे. अमेरिका आणि कॅनडात झालेल्या, २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या अभ्यासात ब्रेस वापरणाऱ्या ७२ टक्के मुलांचा बाक ऑपरेशनच्या टप्प्यापर्यंत गेला नाही. ब्रेस न वापरणाऱ्यांत हे प्रमाण ४८ टक्के होतं. रोज १३ तासांहून अधिक वापरणाऱ्यांत यश ९० टक्क्यांच्या पुढे गेलं. म्हणजे गुण तासांवर आहे. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात ब्रेस नकोसा होतो, त्यामुळे आत सुती बनियन घाला, रात्रीचे तास चुकवू नका आणि अंघोळीनंतर कातडी नीट कोरडी करा. ब्रेस बाक सरळ करत नाही, वाढू देत नाही. मूल वाढलं की तो बदलावाही लागतो.

*४५-५० अंशांच्या पुढे:* इथे ऑपरेशनची चर्चा सुरू होते. कारण एवढा मोठा बाक उंची थांबल्यावरही थांबत नाही. छातीच्या भागात असेल तर पुढेही वर्षाला साधारण एक अंश वाढू शकतो. कोन फार मोठा झाला की बरगड्यांचा पिंजरा आखडतो आणि फुप्फुसांना जागा अपुरी पडते. ४० ते ५० च्या मधल्या मुलांबाबत डॉक्टरांची मतं वेगळी असू शकतात. तिथे दुसरं मत जरूर घ्या.

लहान मुलांची गोष्ट निराळी. दोन-तीन वर्षांच्या मुलाचा मणका जोडून टाकला तर छातीची वाढच खुंटते. म्हणून आधी प्लास्टरचे कास्ट लावतात. ही पद्धत इंग्लंडमधल्या डॉ. मिन मेहता यांनी रूढ केली. नाहीतर मुलासोबत लांबवता येणारे रॉड वापरतात.

ऑपरेशनमध्ये काय करतात

मणके जोडण्याची शस्त्रक्रिया १९११ च्या सुमारास न्यूयॉर्कमध्ये आधी क्षयाच्या कुबडासाठी सुरू झाली. ह्यूस्टनचे डॉ. पॉल हॅरिंग्टन यांनी पोलिओने पाठ वाकलेल्या मुलांसाठी धातूचा रॉड तयार केला आणि १९६२ मध्ये त्याचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्या काळी ऑपरेशननंतर कित्येक महिने प्लास्टरमध्ये राहावं लागे. आता बाकातल्या मणक्यांत दोन्ही बाजूंनी स्क्रू बसवतात, त्यांना दोन रॉड जोडतात, कणा शक्य तेवढा सरळ करून त्याचा पीळ सोडवतात, आणि मणक्यांवर हाडाचे तुकडे पसरतात. पुढच्या सहा महिने ते वर्षभरात ते मणके एकमेकांना जुळून एकसंध हाड होतं. रॉडचं काम सेंट्रिंगचं: स्लॅब पक्का होईपर्यंत आधार द्यायचा. फरक इतकाच की हे सेंट्रिंग सहसा काढत नाहीत, आतच राहू देतात.

मूल पालथं झोपवून, पाठीच्या मधोमध छेद घेऊन साधारण चार ते आठ तास हे काम चालतं. मज्जारज्जूला धक्का बसत नाही ना, हे पाहायला हातापायांपर्यंतचे विद्युत संदेश सतत तपासतात. याला न्यूरोमॉनिटरिंग म्हणतात. फार मोठ्या, ताठ झालेल्या बाकात आधी काही आठवडे डोक्याला कडं लावून हळूहळू ताण देतात, मग ऑपरेशन करतात.

बाक साधारण निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत कमी होतो. कणा ओळंब्यात येत नाही. खांदे-कंबर समतोल येणं आणि बाकाची वाढ थांबणं हे खरं यश.

धोकेही सांगतो. कारण न सापडलेल्या किशोरवयीन बाकात मज्जातंतूंना इजा होण्याचं प्रमाण अनुभवी हातांत शंभरात एकापेक्षा कमी आहे. जंतुसंसर्ग शंभरात एक-दोघांना होऊ शकतो. स्क्रू सरकणं, रॉड तुटणं, हाड न जुळणं यामुळे क्वचित पुन्हा ऑपरेशन लागतं. जन्मजात बाकात आणि स्नायूंच्या आजारात धोका याहून जास्त असतो. जोडलेला भाग वाकत नाही. जोड कमरेत जितका खाली जाईल, तितकं वाकणं कमी होईल. म्हणून घरात ऊसतोड, खुरपणी, शेती असं काम असेल तर ते सर्जनला आधीच सांगा. जोड कुठपर्यंत न्यायचा, हे ठरवताना त्याचा विचार होऊ शकतो.

कुठे जायचं, खर्चाचं काय

पहिली तपासणी स्थानिक सरकारी दवाखान्यात होते. तिथून चिठ्ठी घेऊन अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात किंवा बीडच्या जिल्हा रुग्णालयात अस्थिरोग विभाग गाठा. बाकाची शस्त्रक्रिया हे हाडांच्या प्रत्येक डॉक्टरचं काम नाही. त्यासाठी मणक्याच्या विकृतींवर नेहमी काम करणारा सर्जन, न्यूरोमॉनिटरिंग आणि अतिदक्षता विभाग लागतो. ही सोय बहुतेक वेळा छत्रपती संभाजीनगर, पुणे किंवा मुंबईच्या मोठ्या रुग्णालयांत सापडते. गडचिरोलीसारख्या भागातही मुंबईचे डॉ. शेखर भोजराज यांच्या ‘स्पाइन फाउंडेशन’ने ‘सर्च’ संस्थेच्या मदतीने मणक्याचे उपचार नेले. तेव्हा मोठ्या शहरातले तज्ज्ञ घेत असलेल्या शिबिरांची चौकशी करत राहा.

खासगीत हा खर्च काही लाखांत जातो. त्यातला मोठा वाटा स्क्रू-रॉडचा. म्हणून मुकादमाकडून उचल घेण्याआधी हे करा:

१. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत आता राज्यातली सर्व शिधापत्रिकाधारक कुटुंबं येतात आणि वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे. योजनेच्या रुग्णालयात ‘आरोग्यमित्र’ बसतो. मणक्याच्या विकृतीची शस्त्रक्रिया या रुग्णालयात योजनेत होते का, स्क्रू-रॉड त्यात धरले आहेत का, हे त्याला स्पष्ट विचारा. मंजुरी ऑपरेशनआधी घ्यावी लागते. पैसे भरून नंतर परत मिळतील, या भरवशावर राहू नका. हेल्पलाइन १५५३८८.

२. धर्मादाय रुग्णालयांत मुंबई उच्च न्यायालयाने २००६ मध्ये मंजूर केलेल्या योजनेनुसार १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. तहसीलदारांचा उत्पन्नाचा दाखला सोबत न्या आणि तिथल्या समाजसेवा अधिकाऱ्याला भेटा.

३. मुख्यमंत्री सहायता निधीचा अर्जही करता येतो. त्यासाठी रुग्णालयाचं खर्चाचं अंदाजपत्रक लागतं.

रेशनकार्ड, आधार, उत्पन्नाचा दाखला आणि मुलाचा शाळेचा दाखला यांच्या झेरॉक्स एका पिशवीत कायम तयार ठेवा.

सर्जनला विचारायचे प्रश्न

- कोन किती, रिसर किती, मागच्या वेळेपेक्षा किती वाढला?
- आता ऑपरेशन नाही केलं तर पाच वर्षांनी काय होईल?
- कुठल्या मणक्यापासून कुठल्या मणक्यापर्यंत जोडणार?
- अशी ऑपरेशनं तुम्ही वर्षाला साधारण किती करता?
- न्यूरोमॉनिटरिंग असेल का? रक्ताची सोय कशी?
- पुन्हा ऑपरेशन लागलं तर खर्च कुणाचा?

जो डॉक्टर या प्रश्नांना शांतपणे उत्तरं देतो, त्याच्याकडे थांबा. जो ‘आजच अ‍ॅडमिट व्हा’ म्हणतो, त्याला कारण विचारा. पायातली ताकद जात असेल तर घाई खरी. तसं काही नसेल, तर किशोरवयीन बाकात काही आठवडे विचार करायला मिळतात.

तयारी आणि वेळ

शक्य असेल तर ऑपरेशन एप्रिल-मेमध्ये ठरवा. टोळ्या परतलेल्या असतात, आई घरी असते, शाळेला सुट्टी असते. जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत मूल हिंडू-फिरू लागतं. फडावर जायच्या तोंडावर ऑपरेशन करून मूल म्हाताऱ्या आजीवर सोपवणं टाळा.

त्याआधी दोन-तीन महिने रक्त वाढवा. आपल्याकडच्या कितीतरी मुलींचं हिमोग्लोबिन कमी असतं. शाळेतली लोहाची गोळी चुकवू नका, डॉक्टर सांगतील तो डोस पूर्ण करा. दातांची कीड, लघवीचा किंवा कातडीचा संसर्ग आधी बरा करून घ्या. मोठ्या माणसाचं ऑपरेशन असेल तर मिश्री, तंबाखू, विडी आधीच बंद: निकोटिनमुळे हाड जुळत नाही.

घरी आणल्यावर

बहुतेक मुलं दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी उभी राहतात आणि आठवडाभरात घरी येतात. येताना खड्ड्यांच्या रस्त्याने दणके देणारं वाहन नको. गाडीत मागच्या सीटवर झोपवून, मध्ये थांबत या. सैल बाजेवर झोपवू नका, सपाट पलंग आणि पातळ गादी घ्या. कुशीवर वळताना खांदा आणि कंबर एकदम वळवायची, पीळ द्यायचा नाही. डॉक्टर सांगतील तोवर खाली उकिडवं बसणं नको, कमोडची खुर्ची आणून ठेवा. वेदनाशामक गोळ्यांनी पोट साफ होत नाही, म्हणून पाणी, पालेभाज्या, ताक भरपूर द्या.

शाळा चार-सहा आठवड्यांनी सुरू होऊ शकते, दप्तर मात्र दुसऱ्याने उचलायचं. पाण्याचे हंडे, मोटारसायकलवरचा लांबचा प्रवास, ट्रॅक्टरची ट्रॉली तीन ते सहा महिने नाही. धावणं-खेळ सर्जनच्या परवानगीने, बहुधा सहा महिने ते वर्षानंतर. ताप, जखमेतून पाणी किंवा पू, अचानक वाढलेली कळ, पाय बधिर होणं, यातलं काही झालं तर त्याच दिवशी रुग्णालयाला फोन करा. बरं वाटतंय म्हणून पुढच्या तपासण्या चुकवू नका. त्या निदान दोन वर्षं लागतात.

लग्न आणि बाळंतपण

बाक लपवून घाईने लग्न उरकणं हा उपाय नाही. लपवलेला बाक कळतोच, आणि उपचाराची वर्षं मात्र निघून जातात. ऑपरेशन झालेल्या स्त्रियांना मूल होण्यात मणक्यातल्या रॉडमुळे अडचण येत नाही, नैसर्गिक बाळंतपणही होऊ शकतं. फक्त कमरेतून भूल देणं कधी अवघड जातं, म्हणून ऑपरेशनचे कागद आणि एक्स-रे बाळंतपणाच्या वेळी डॉक्टरांना दाखवायचे. इंग्लंडची राजकन्या युजिनी हिचं बाराव्या वर्षी हेच ऑपरेशन झालं होतं. २०१८ मध्ये लग्नात तिने मुद्दाम पाठ उघडी दिसेल असा पोशाख घातला आणि व्रण जगाला दाखवला. आज ती दोन मुलांची आई आहे.

वर्षाचं वेळापत्रक

ज्या घरात बाक सापडला आहे, त्यांनी दोन तारखा कायमच्या पक्क्या कराव्यात. टोळी निघण्याआधी दसऱ्याच्या सुमारास एक तपासणी, परतल्यावर पाडव्याच्या सुमारास दुसरी. दोन्हींत साधारण सहा महिने पडतात आणि वाढत्या वयाच्या मुलाला हवं तेवढंच अंतर मिळतं. डॉक्टरांनी चार महिन्यांनी बोलावलं असेल, तर मागे राहणाऱ्या आजी-आजोबांकडे किंवा वसतिगृहाच्या व्यवस्थापकाकडे चिठ्ठी, तारीख आणि भाड्याचे पैसे आधीच देऊन ठेवा. उंची थांबेपर्यंत या दोन खेपा चुकल्या नाहीत, तर बहुतेक मुलांना ऑपरेशन लागणारच नाही. ज्यांना लागेल, त्यांना ते कोन आटोक्यात असताना आणि योजनेची मंजुरी हातात घेऊन करता येईल.